खडा निघू दे

१२ सप्टेंबर २००६, यवतमाळ
रविवारपासून यांच्या पोटातली कळ थेट पाठीत जाते, उलट्या थांबत नाहीत. पांढरकवड्याहून सकाळच्या जीपनं इथं दवाखान्यात आणलं. ऐन फवारणीत पंपदुरुस्तीचं दुकान बंद.
सिस्टरनं विचारलं, "औषध घेतलं काय?" मी म्हटलं, "हो, सकाळीच." मला पित्ताची गोळी म्हणायची होती. तासाभरात पोलीस हजर! आमच्याकडे या दिवसांत औषध म्हणजे कपाशीवर मारायचं विष, हे माझ्या टाळक्यात यायला नको? मूर्ख मी.
पण यांना साधं "नाही" म्हणता येत नव्हतं? भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

१३ सप्टें.
स्वादुपिंडाला सूज. डॉ. म्हणाले, "पित्ताच्या नळीत खडा अडकला तरी होते, दारूनं होते, अन् त्या औषधानंही होते." रक्तावरून विषाचं नक्की सांगता येईना, उशिरा आणलं म्हणे. दारू हे शिवत नाहीत. उरली दोन. सोनोग्राफीत गॅसमुळे नळी दिसली नाही. नागपूरला एमआरआय.
अम्मी, म्हणजे सासूबाई, हळूच म्हणाल्या, "तुमचं भांडण झालतं काय?" झालं होतं, शनिवारी. नेहमीचंच. फक्त त्या दिवशी हे उलट बोलले नव्हते.
अल्ला, खडा निघू दे. नवऱ्याला खडा व्हावा म्हणून दुआ मागणारी मी पहिलीच असेन.

१५ सप्टें., नागपूर
मशीनवाल्यानं विचारलं, डोळ्यात कधी लोखंडाचा कीस गेला काय? मशीन चुंबकाचं म्हणे. यांनी सगळं सांगितलं. कोणता डोळा, कोणी काढला. मग आधी डोळ्याचा एक्स-रे, नंतर एमआरआय. लोखंडाबद्दल एवढं बोलता येतं! भयंकर राग आला. बाहेर अर्धा तास बसून.

१६ सप्टें.
रिपोर्ट आला. सूज आहे. नळी साफ. खडा नाही.
मग कशानं? डॉ. म्हणाले, "फोटोत सूज दिसते बाई, कारण दरवेळी दिसत नाही. बारीक खडा निघूनही गेला असंल." हे दुकानात फवारणीच्या पंपाचं तुंबलेलं नोझल तोंडानं फुंकतात, ते मी सांगितलं. "तेही असू शकते." माझी समजूत काढत होते की काय...

२१ सप्टें., घर
आज स्वतःहून उठून बसले.
"तू मले काही इचारलं नाही."
"काय?"
"जे सारे इचारून राह्यले. सांगू काय?"
नऊ दिवस हाच प्रश्न माझ्या तोंडाशी होता. मी म्हटलं, "आधी पेज घ्या, थंडी होईन."
त्यांनी सगळी पेज संपवली. वाटी धुवायला म्हणून मी मागे आले, ती इथंच बसून लिहितेय. आतून दोनदा हाक आली.