डिकीतला पाइप

दादा,

‘प्रिय’ लिहिलं होतं, खोडलं. आणि आयुष्यभर तुला अहोजाहो केलं, तेही आज या कागदावर करणार नाही. चौदा वर्षांनी मोठा होतास म्हणून केलं. तू जाऊन दोन महिने झाले. आता तुझं वय वाढायचं थांबलंय, माझं चालू आहे.

लिहायचं कारण तुझी मुग्धा. परवा रविवारी तुझ्या महाराजपुरच्या घराच्या पोर्चमध्ये तिनं मला एक प्रश्न विचारला. त्याचं उत्तर माझ्याजवळ नाही. तुझ्याजवळ होतं आणि तू ते सोबत घेऊन गेलास!

तुझी ती जुनी टर्बो डिझेल गाडी वहिनी भंगारात देऊन राहिल्या होत्या. भंगारवाला येऊन बघूनही गेला होता. पण मुग्धाला मझौलीच्या शाळेत नोकरी लागली आहे, रोज जाऊन-येऊन करायचं आहे, आणि तिला बाबांचीच गाडी पाहिजे. म्हणून तिनं मला बोलावलं. वहिनींनी दारातच सांगितलं, “भाऊजी, राग नका मानू. पण ती तुमच्याच हातानं बिघडली होती ना? हे तर नेहमी म्हणायचे.”

हे तर नेहमी म्हणायचे! ऐकतोस ना?

तू म्हणायचास, आणि कुठे म्हणायचास! आपल्या मंडळाच्या गणपतीत, महाप्रसादाच्या पंगतीत. मी वरणाची बादली घेऊन तुझ्या पानापर्यंत पोचलो आणि तू शेजाऱ्याला ओरडून म्हणालास, “वरण कोण वाढून राहिलं? अरविंद? पत्रावळ सांभाळा रे भाऊ, याच्या हाताला गळती आहे! माझ्या इंजिनात उलट्या रिंगा टाकल्या यानं.” सगळी पंगत हसली. मीही हसलो, त्याचीच जास्त चीड येते. त्या वर्षापासून आपल्या मराठी घरांत माझं नाव ‘गळती मिस्त्री’ पडलं. एकेक करून त्यांच्या गाड्या माझ्या ओमती भागातल्या दुरुस्तीच्या दुकानात यायच्या बंद झाल्या. कुणी भांडून गेलं नाही. नुसतं रस्त्यात भेटल्यावर, “अच्छा, आजकाल त्या दुसऱ्याकडे दाखवतो जी, घराजवळ पडतं.”

उलट्या रिंगा? दादा, पिस्टनच्या प्रत्येक रिंगेवर वरच्या बाजूला खूण असते. ती मी भिंगातून पाहिली होती. प्रत्येकीची फट सिलिंडरमध्ये बसवून फिलर गेजनं मोजली होती, आणि तिन्ही फटी तीन दिशांना ठेवल्या होत्या. मॅन्युअल शब्दकोश घेऊन वाचलेलं आहे मी, शब्द अडला तर पुढे गेलो नाही. तू कॉलेजात इंजिन शिकवायचास. पण तुझ्या हाताला ग्रीस कधी लागलं होतं, सांग बरं?

आणि मोजायला मला शिकवलं कोणी? तूच. मी सहावीत असताना व्हर्नियर आणून दिलास आणि आईच्या बांगडीचा व्यास विचारलास. चुकलो तर रागावला नाहीस, म्हणालास, “परत माप.” तो माणूस कुठे गेला होता त्या पंगतीत?

असो. रविवारचं सांगतो.

गाडी सुरू केली. सायलेन्सरमधून निळा धूर. खाली तेलाचे थेंब. तेल बघायची पट्टी आपोआप दोन बोटं वर आलेली. तुझ्या त्या मोठ्या वर्कशॉपवाल्यांनी याच्यावर दोनदा सील बदलले, एकदा टर्बो बदलला. मुग्धा म्हणाली, “काका, इंजन गया क्या?” मी म्हटलं, “एक हातमोजा आण.”

तुझ्या आजारपणातले पातळ रबरी हातमोजे घरात उरले होते. एक घेतला, तेल भरायचं झाकण काढलं आणि त्या तोंडावर रबरबँडनं घट्ट बसवला. इंजिन चालू. मोजा फुगायला लागला. पाचही बोटं ताठ उभी राहिली! मुग्धा हसली, “काका, ये तो टाटा कर रहा है!” मग मोजा कुणासाठी आणला होता ते तिला आठवलं असेल. काढलेलं झाकण पुसायला लागली.

तिला समजावलं तेच तुलाही समजावतो, प्राध्यापक महाशय. कोणत्याही इंजिनात थोडी हवा, थोडा धूर पिस्टनच्या कडेनं खाली तेलाच्या टाकीत उतरतोच. नव्या इंजिनातही. तो बाहेर काढायला एक अंगठ्याएवढा पाइप असतो, ब्रीदर पाइप. इंजिनाच्या वरच्या कव्हरपासून, हवा आत कोंबणाऱ्या टर्बोच्या तोंडापर्यंत जातो. तो चोंदला की आत दाब साठतो आणि तेलाला जिथून वाट मिळेल तिथून ढकलतो. सील गळतात, पट्टी वर येते. टर्बोमधलं तेल खाली उतरू शकत नाही, ते जळतं. बघणाऱ्याला वाटतं, रिंगा गेल्या, टर्बो गेला. गेलेला असतो फक्त पाइप.

तो पाइप मी काढला. बाहेरून एकदम चांगला, जाड, काळा. म्हणूनच कुणी त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. सुरीनं उभा चिरला. आतलं रबर तेलाच्या वाफेनं फुगून लोण्यासारखं झालेलं. मधून उदबत्तीची काडी गेली नसती!

आठवला का तो पाइप तुला? मला तर, तो चिरायच्या आधीच आठवला होता.

तेव्हा तुझं इंजिन मी उघडून, नव्या रिंगा टाकून परत बांधलं होतं, आणि जुना पाइप तडकलेला निघाला. मी म्हटलं, आठ दिवस थांबा, नागपूरहून कंपनीचा मागवतो. तुला आठ दिवस कुठले? दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या लॅबमधून हा घेऊन आलास. मी बोटांनी दाबून पाहिला आणि म्हटलं, “दादा, हा पाण्याचा दिसतो. तेलानं...”

“अरविंद, हेच शिकवायचा पगार घेतो मी. बसव.”

“जी.”

बसवला. क्लिप मात्र दोन्ही बाजूंना मोजून कसल्या!

इथपर्यंत मी रागावलो असलो तरी खूश होतो, खोटं काहून लिहू? पुरावा हातात होता. माझ्या रिंगा सुलट होत्या. आता वहिनींना बोलवावं म्हणून मी हात पुसत होतो, तेवढ्यात मुग्धानं डिकीतून हाक मारली. ती स्टेपनीतली हवा बघायला गेली होती. स्टेपनीच्या खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं सापडलं. कागद पिवळा पडून घडीवर फाटायला आलेला. आत नवा पाइप. कंपनीचा, तेल सोसणारा, अगदी बरोबर मापाचा. आणि कागदावर तुझ्या तिरक्या अक्षरात: ‘ब्रीदर पाइप. अरविंदला देणे.’

तुला कळलं होतं!

दिला काहून नाहीस? महाराजपुर ते ओमती, किती लांब आहे रे? वर्षानुवर्षं गाडीत तेल ओतत राहिलास, त्याच डिकीत औषध घेऊन फिरत राहिलास, आणि दर गणपतीला माझ्या हातच्या वरणावर विनोद करत राहिलास! हसू यायचं तुला तेव्हा? की सवयीनं करायचास? तुला एवढंच म्हणायचं होतं, “अरविंद, पाइप मी चुकीचा आणला.” पाच शब्द. तेवढेही जड झाले?

मुग्धानं कागद वाचला, मला दिला आणि विचारलं, “बाबांना माहीत होतं?”

“हो.”

“मग काहून नाही सांगितलं?”

हाच तो प्रश्न. मी म्हटलं, “ते मला नको विचारू, त्यांना विचार.” वाईट बोललो. पोरीचे डोळे भरले. पण ती तुझीच मुलगी. डोळे पुसून तिनं दुसरा प्रश्न टाकला, “और काका, आपको? बसवताना तुम्हाला माहीत होतं, पाण्याचा आहे?”

हे मला कुणी विचारलं नव्हतं, दादा. मीही स्वतःला विचारलं नव्हतं. पंगतीत तू रिंगांबद्दल बोललास, तेव्हा मला पाइप आठवला नव्हता असं नाही. पण मी तुला एकदा ‘जी’ म्हणून बसलो होतो. पाइप म्हटलं असतं तर तू विचारलं असतंस, “मग बसवला कशाला?”

मी मुग्धाला म्हटलं, “हो.”

 तिनं पुडक्यातला नवा पाइप उचलून माझ्या हातात दिला.

बसवला. पुन्हा मोजा चढवला, इंजिन चालू केलं. मोजा फुगला नाही. लुळा पडून राहिला, बोटांची टोकं थोडी आत ओढली गेली. जुनं तेल जळून सायलेन्सरचा धूरही अर्ध्या तासात निवळला. वहिनी दारातून बघत होत्या. त्यांनी भंगारवाल्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं. मला चहा विचारला, बस. सोमवारपासून गाडी मझौलीला जाते. मी रोज संध्याकाळी पट्टी बघून येतो. तेल जागचं हललेलं नाही.

माफ केलं असं लिहिणार नाही. केलेलं नाही. पण कबूल एक करतो. या गणपतीत महाप्रसादाचं वरण मीच वाढणार, मंडळात सांगून ठेवलंय. पंगत बसली की मधोमध उभा राहून तो चिरलेला पाइप सगळ्यांना दाखवीन. रिंगा सुलट होत्या हे सांगीन. पाइप तू आणलास आणि पुढे चूक कळूनही लपवलीस, हे सांगीन. आणि तो पाण्याचा आहे हे ओळखूनही मी बसवला आणि गप्प राहिलो, हेसुद्धा सांगीन, कारण तुझ्या जागेवर मुग्धा बसलेली असेल.

मग बादली उचलीन, आणि पहिलं वरण तिच्या पानात वाढीन. बघ तू. एक थेंब बाहेर पडणार नाही.

अरविंद
(रिंगा सुलट बसवणारा)