हुशारी मध्यम

ती. आत्यास,

दोन्ही हात जोडून नमस्कार. इकडे बाबा आणि मी ठीक. तुझ्या नव्या चष्म्यातून माझं अक्षर लागत असेल, तर चष्मा उत्तम आहे असं समज.

तिशी उलटल्यावर हे पीएचडीचं काय खूळ, असं तू फोनवर विचारलंस. आत्या, नऊ वर्षं मी प्रयोगशाळेत काँक्रीटचे ठोकळे यंत्राखाली फोडते आहे. किती भाराला फुटला तेवढं लिहायचं, की पुढचा ठोकळा. पहिली भेग कुठून आणि का निघाली, हे कुणी विचारत नाही. माझ्या मात्र भांडी घासतानासुद्धा डोक्यात तेच. त्यावर संशोधन करायला परदेशात शिष्यवृत्तीसकट जागा मिळते म्हणतात. (मिळते म्हणजे, दारोदार मागावी लागते.) मी त्रेचाळीस प्राध्यापकांना ईमेल धाडले. बहुतेकांनी ब्रसुद्धा काढला नाही. एकाने लिहिलं, विषय छान, निधी संपला. एकाचं तर दोन मिनिटांत उत्तर, की मी रजेवर आहे. मी हरखून आभार मानले, त्यावर पुन्हा तेच उत्तर. (ते आपोआप जातं, हे मला तिसऱ्या आभारानंतर कळलं. पण तोवर इतक्या तत्परतेने मला कुणीच विचारलं नव्हतं गं.)

मग शिफारसपत्राचं प्रकरण. आमच्या साहेबांची पद्धत अशी, की पत्र ज्याचं त्याने लिहून आणायचं, ते सही ठोकतात. आता आपलीच पाठ आपण कशी थोपटायची? लाजत लाजत लिहिलं, ‘वेळेवर येते. यंत्र पुसून ठेवते. हुशारी मध्यम. प्रश्न फार विचारते, उत्तर मिळेपर्यंत पिच्छा सोडत नाही.’ वाटलं, साहेब वाचतील, कळवळून दोन बरी विशेषणं घालतील. त्यांनी फोनवर बोलता बोलता सही केली आणि पत्र पाठवूनही दिलं. आठवडाभर मी कपाळाला हात लावून बसले होते.

आणि तेच पत्र वाचून एका प्राध्यापिकेने मला मुलाखतीला बोलावलं! म्हणाल्या, असामान्य उमेदवार ढिगाने येतात, पिच्छा न सोडणारी पहिलीच. दीड तास आम्ही संगणकावर समोरासमोर नुसत्या भेगांवर बोललो. चार वर्षं, फी माफ, वर पोटापुरता पगार. होय की नाही, ते महिनाअखेरीस कळवायचंय. मुलाखत संपल्यावर मी बाबांचं ताट वाढलं आणि मोरीत जाऊन रडले. मला जायचंय गं. फार जायचंय.

तुझी,
भाची

ता.क. – एवढं पाल्हाळ लावलं, कारण मुद्द्यावर यायचा धीर होईना. आई गेल्यापासून बाबा एकटे असे राहिलेलेच नाहीत. ही चार वर्षं तू येऊन त्यांच्यापाशी राहशील? त्यांना मी अजून काहीच बोललेले नाही.

ता.क. २ – आत्ता बोलले. म्हणाले, ‘बिनधास्त जा. मी ठणठणीत आहे, ताईला उगाच त्रास देऊ नकोस.’ मग तिथे सकाळ असते तेव्हा इथे किती वाजतात, हे तासाभरात तीनदा विचारलं. तेव्हा तू नक्की ये. त्यांच्यासाठी आलीस म्हणू नकोस, तुझ्या घराचं रंगकाम काढलंय म्हण. रंगारी चार वर्षं लावतात, यावर बाबांचा चटकन विश्वास बसेल.