आईचा डावा हात

बाबा, आईचा डावा हात आता कोपरात वाकलेलाच असतो. मूठ मिटलेली, अंगठा आत, आणि सगळा हात छातीशी आवळून धरलेला. गेल्या हिवाळ्यात तिला स्ट्रोक आला. बोलणं वाचलं, पाय ओढत का होईना पण चालते, डोकं तर तुमच्या-माझ्यापेक्षा शाबूत आहे. हात आधी लुळा पडला होता आणि आम्ही रडत होतो की त्यात जीव येत नाही. मग जीव आला, तो असा. दिवसेंदिवस आवळतच गेला. आता तिची नखं तळव्यात रुतू नयेत म्हणून मी मुठीत मऊ कापडाची गुंडाळी ठेवते आणि ती बदलताना रोज आमची मारामारी होते. तुम्हाला सांगायचं कारण एवढंच, की हा विषय तुमचा होता. डावा हात लांब हवा, पण कडक नको, हे वाक्य तुम्ही मला इतक्या वेळा ऐकवलंय की आजही माझ्या तोंडून ते तुमच्याच आवाजात निघतं.

तुम्ही चाळिशीला आल्यावर गोल्फ शिकलात, तेही हौस म्हणून नाही. शनिवारी सकाळी तुमचे सगळे साहेब कोर्सवर असायचे आणि सोमवारी ऑफिसात आल्यावर तुम्हाला कळायचं की निम्मी कामं तिकडेच ठरून गेली. विदर्भातून आलेलं आपलं आडनाव ऐकल्यावर समोरच्याचा चेहरा जरासा बदलायचा, तो बदल तुम्ही घरी कधी बोलून दाखवला नाहीत, पण आईने एकदा मला सांगितलं होतं. मग तुम्ही कुणाची तरी जुनी किट घेतलीत आणि आर. के. पुरमच्या आपल्या क्वार्टरमागच्या गवतात भोकाभोकांचे प्लास्टिकचे बॉल मारत सुटलात. वरच्या बाल्कन्यांतून शेजारपाजारचा सगळा भारत बघत असायचा. आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारायची, "अहो, गवत कापायला माळी येतो ना सरकारी?" तुम्ही हसायचात, पण खांदे कानाला लागलेले, हात काठीसारखे ताठ, आणि बॉल जेमतेम कपडे वाळत घालायच्या तारेपर्यंत जायचा. हे सगळं सुटायला तुम्हाला दोन वर्षं तरी लागली असतील. म्हणूनच तुम्ही चांगले शिक्षक झालात असं मला वाटतं. ज्यांना पहिल्यापासून येतं ते दुसऱ्याला शिकवू शकत नाहीत, नुसते करून दाखवतात.

माझी पहिली ज्युनियर टुर्नामेंट आठवते. हिवाळ्यातली सकाळ आहे, पांढरे बूट घातलेल्या मुली आपापल्या ड्रायव्हरनी आणून सोडल्यात आणि आपण दोघं स्कूटरवरून उतरतोय, किट माझ्या मांडीवर आडवी. त्या मुलींपैकी एकीने माझ्या बुटांकडे पाहिलं. बस्स, तेवढंच. मी पहिला बॉल मारला तर क्लबचं लोखंडी टोक बॉलच्या डोक्यावरच बसलं आणि तो चार हात गडगडत गेला. दिवसभर तेच. परतताना सिग्नलला स्कूटर थांबली तेव्हा मान मागे न वळवता म्हणालात, "रागावली होतीस तू. रागावलेला हात आखूड होतो. बॉल तिथेच असतो, तूच त्याच्यापासून लांब जातेस." मला इतका राग आला की मी घरापर्यंत तुमचं जॅकेट धरलं नाही, सीट धरून बसले. संध्याकाळी तुम्ही मला स्वयंपाकघराच्या दारात उभं केलंत. आई पोळ्या लाटत होती. "तिचे हात बघ," म्हणालात. "लांब आहेत की नाही? ताकद लागतेय की नाही? मनगट बघ पण. बोटं बघ." आणि मला दिसलं, खरंच दिसलं, की तिचे हात खांद्यापासून लाटण्यापर्यंत सरळ जातायत आणि तरी कुठेच आवळलेले नाहीत. आईने वर न बघता सांगितलं, "माझ्याकडे काय बघत बसलायत दोघं? बादल्या भरून घ्या, पाणी जाईल आता." त्या दिवसापासून स्विंग म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर कुठला खेळाडू येत नाही, आईचे हात येतात.

आज त्याच ज्ञानावर माझं घर चालतं. नोएडाला एका ड्रायव्हिंग रेंजवर शिकवते. येतात ते बहुतेक आयटीवाले, शनिवार-रविवारी, मनगटावर घड्याळं आणि डोक्यात व्हिडिओ बघून आणलेली शंभर वाक्यं. डावा हात सरळ ठेवायचा असतो एवढं त्यांना ठाऊक असतं, म्हणून तो इतका ताठ करतात की मानेच्या शिरा दिसतात. मग मी म्हणते, "सर, धनिया की गड्डी पकड़ी है आपने, डंबेल नहीं." हसतात. हसले की खांदे खाली येतात. मग सांगते की हात आपण लांब करायचा नसतो, खांदे वळले आणि क्लबचं वजन बाहेर गेलं की तो आपोआप लांब होतो, आपण फक्त आड यायचं नाही. श्वास सोडा, जबडा सोडा, ढीला छोड़िए. बहुतेकांचं होतं. बॉल उडाला की लहान मुलासारखे माझ्याकडे वळून बघतात. आणि मी तिथून कॅबने घरी येते, हात धुते, आणि माझ्या आईची एक मूठ मला उघडता येत नाही.

फिजिओथेरपिस्ट मुलगी सकाळी येते. तिने मला सगळं शिकवलंय: हळू ताणायचं, खूप हळू, कारण झटका दिला की स्नायू उलट जोरात आवळतो. आधी खांदा, मग कोपर, बोटं सगळ्यात शेवटी. मी ऐकत होते आणि मनात म्हणत होते, हे तर मला ठाऊक आहे, हे बाबांचंच आहे. ती गेली की मी आईसमोर बसायचे आणि रेंजवरच्या आवाजात सुरू करायचे. सोड आई. खांदा सोड. श्वास सोड. काही धरून ठेवू नकोस. ती डोळे मिटून घ्यायची, ओठ घट्ट, आणि मी जितकं सोड म्हणेन तितका हात वर वर यायचा. मला वाटायचं ती घाबरते. मग वाटायला लागलं ती हट्ट करते. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, तो काही सुधारलेला नाही.

मग मला तुमची जुनी युक्ती आठवली. मी फारच आवळले की तुम्ही हाताबद्दल बोलणंच बंद करायचात. माझ्यासाठी कापून छोटा केलेला तो क्लब, सायकलवाल्याकडून रबर चढवून वाढदिवसाला दिलेला, हातात द्यायचात आणि म्हणायचात, मारू नकोस काही, नुसता झुलू दे. डोळे मीट. त्याचं वजन त्याला नेईल. आणि खरंच दोन-चार झुल्यांत माझा हात लांब व्हायचा. तो क्लब मी जपून ठेवलाय. एका सकाळी फिजिओ येऊन गेल्यावर मी आईला बाल्कनीत खुर्चीवर बसवलं, कापडाची गुंडाळी काढली, एकेक बोट उचलून तिचा डावा हात रबरावर बसवला आणि उजवा त्यावर ठेवला. आई हसली. आजारपणानंतर मी तिला पहिल्यांदाच अशी हसताना पाहिलं. "ह्यांनी आयुष्यभर सांगितलं, एकदा धरून तर बघ. तेव्हा नाही धरलं." मी तिची मनगटं धरून क्लब हळूच झुलवला. इकडे, तिकडे. आणि बाबा, कोपर उघडलं. थोडंसंच, पण उघडलं, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मला इतका आनंद झाला की मी ओरडलेच, "आई, बघ, बघ!" ती दचकली आणि डाव्या हाताने तो दांडा असा आवळला की सगळा हात क्लबसकट दुमडून वर आला. लोखंडी टोक तिच्या गालापाशी. मी क्लब ओढला. ओढला तसा तो आणखी आवळला. तिची बोटं पांढरी पडली, ती कण्हायला लागली, आणि मी, जी जगाला सांगत फिरते की ताकद लावू नका, मी दोन्ही हातांनी ओढत होते आणि ओरडत होते, "सोड ना आई! अगं सोड ना!"

"ओरडू नकोस," ती म्हणाली. शब्द जड येतात तिचे, पण हे स्वच्छ आले. "मी धरलंय का ते? मी नाही धरलेलं. मला सोडता येत असतं तर सोडलं नसतं का गं?"

मी फिजिओला फोन लावला. ती म्हणाली, "अरे मॅम, सख्त चीज़ क्यों पकड़ाई? खींचिए मत, बिल्कुल मत खींचिए. कलाई नीचे मोड़िए, फिर अँगूठा." मनगट खाली वाकवल्यावर बोटं जराशी सैल झाली आणि क्लब निघाला. आईच्या तळव्यावर रबराची नक्षी उमटली होती. तिने उजव्या हाताने माझ्या डोक्यावर थोपटलं, मला, मीच तिला दुखवलं होतं तरी. नंतर मी फिजिओला विचारलं, पुढे काय. ती भली मुलगी आहे, खोटं बोलत नाही. म्हणाली, "जितना है उतना बचा लें मॅम, वही बहुत है."

तुम्ही असतात तर काय केलं असतंत, हे मी आजवर हजारदा विचारलं असेल. आता वाटतं, तुम्हीही माझ्यासारखेच तिच्यासमोर उभे राहिला असतात, कपाळाला हात लावून. तुम्ही मला शिकवलंत ते सगळं ऐकणाऱ्या हातासाठी होतं. राग गेला की लांब होणारा हात, भीती गेली की सैल होणारा. आईला राग नाही, भीती नाही, हट्टही नाही. तिच्या हाताला आपल्यापैकी कुणाचंच ऐकू येत नाही, आणि त्यात तिची चूक शोधायची मला इतकी सवय लागलीय की ती मोडता मोडत नाही. परवा रेंजवर एका गृहस्थांना "ढीला छोड़िए" म्हणायची वेळ आली आणि मी पाणी प्यायचं निमित्त करून बाजूला गेले.

दुपारी जेवण झालं की आई झोपते. गाढ झोप लागली की हात हळूहळू खाली येतो. मी शेजारी बसून बघते. आधी खांदा, मग कोपर, मग मूठ, कुणी काही न करता. पंधरा-वीस मिनिटांत तो चादरीवर सरळ पडलेला असतो, बोटं उघडी, लांब आणि सैल, अगदी तुम्हाला हवा तसा. त्याच वेळी पट्टी बांधायची असते, प्लास्टिकची, हात उघडा राहावा म्हणून. फिजिओने बजावून सांगितलंय. काल मी पट्टी मांडीवर घेऊन बसून राहिले. बांधली नाही. बांधताना तिला जाग आली असती. तिचा चेहराही सुटलेला होता, कपाळावरची ती आठीसुद्धा नव्हती. आणि मला वाटलं, हिला आता जाग येऊ नये. आत्ता नको, संध्याकाळी नको, येऊच नये. हे मी कुणाशी बोलू शकत नाही, म्हणून तुम्हाला लिहितेय, तुमच्याकडून ते कुठे जाणार नाही.

मग ती उठलीच. आधी हात उठला, डोळ्यांच्याही आधी, आणि छातीशी जाऊन मिटला. तिने खिडकीतल्या उन्हाकडे पाहिलं आणि म्हणाली, "बराच वेळ झोपले का गं मी? उठवायचं नाही का?"

"उठवावंसं वाटलं नाही," मी म्हटलं, आणि चहा टाकायला गेले.