विहिरीवरची तिसरी बाई

बिबवेवाडी, पुणे
शनिवार, ११ ऑगस्ट २००७

प्रिय इंदू,

तुझ्या मुलीशी मी धडधडीत खोटं बोलले, म्हणून हे पत्र लिहावं लागत आहे. पण आधी रीत पाळते. तुझे गुडघे कसे आहेत? नागोरावांची साखर? नांदेडच्या घराला रंग देणार होतात, तो दिलात की अजून छटाच निवडताय? आमच्याकडे सगळं ठीक. माझा रक्तदाब माझ्या म्हणण्यात आहे. ह्यांना ऐकू कमी येतं असं डॉक्टर म्हणतात. मला काही फरक जाणवलेला नाही.

(नागोराव, पत्र आधी तुमच्या हाती पडलं असेल तर नमस्कार. हा दोन मैत्रिणींमधला मजकूर आहे. आपण सभ्य गृहस्थ आहात, इथे थांबावं.) फोनच केला असता, पण तुझा मोबाइलसुद्धा तेच उचलतात आणि मग शेजारी बसून राहतात. पत्र वाचायला निदान त्यांना चष्मा लागतो, आणि चष्मा कुठे ठेवायचा हे तुझ्या हातात आहे.

झालं असं. जूनच्या शेवटच्या रविवारी नम्रता जेवायला आली. महिन्यातून दोनदा येते. खराडीच्या त्या काचेच्या ऑफिसात काय करते ते मला तिने चार वेळा समजावलं आहे आणि चारही वेळा मी मान डोलावली आहे. पण जेवते व्यवस्थित, ताटात काही टाकत नाही, हे तुझे संस्कार. तर आमटी वाढत असताना म्हणाली, “मावशी, आई कधी सिनेमात होती का?” केबलवर एक जुना काळा-पांढरा सिनेमा मधूनच लागला होता, त्यात विहिरीवर एक मुलगी दिसली. “आईच होती गं. माझ्याएवढी आई.” तेवढ्यात तिच्या मैत्रिणीने चॅनेल बदललं, त्यामुळे सिनेमाचं नावही कळलं नाही. तिने तुला फोन केला, तर तू म्हणालीस, आपल्या घराण्यात आजवर कुणी तोंडाला रंग लावलेला नाही. आणि याच वाक्यावर तू तिला नाटकालाही नाही म्हटलंस. ऑफिसांच्या स्पर्धेतलं नाटक, मुख्य काम, सगळ्यांमधून तिला निवडलेलं. मग तिने मला विचारलं, तू आईबरोबर हॉस्टेलला एका खोलीत होतीस, खरं काय ते सांग. मी पळी हातात धरून म्हटलं, “नाही. तू जेव.” तिने लगेच विश्वास ठेवला. मावशी खोटं बोलत नाही, अशी माझी ख्याती आहे. त्या दिवशी आमटी मला गेली नाही.

तू विसरल्याचं सोंग आणशील, म्हणून सगळं लिहूनच ठेवते. १९६६ चा फेब्रुवारी. रविवारी आपण दोघी सायकली घेऊन खराडीपर्यंत गेलो होतो. तेव्हा तिथे ज्वारी होती, एक विहीर होती, आणि त्या दिवशी शूटिंग होतं. पाणी भरणाऱ्या पाच बायकांपैकी एकीला ताप भरला आणि एक घामाघूम गृहस्थ आपल्याकडे येऊन म्हणाले, “ताई, घागर ओढता येते का?” मी नाही म्हणेपर्यंत तू लुगडं नेसायला गेली होतीस. मी तुझा चष्मा, तुझ्या चपला आणि दोन सायकली सांभाळत दुपारभर उन्हात. संध्याकाळी तेच गृहस्थ पुन्हा आले. पुढच्या आठवड्यात कोल्हापूरला या म्हणाले, चार वाक्यांचं काम आहे. तू माझ्याकडे पाहिलंस. मी सांगितलं, “तिची परीक्षा आहे.” परीक्षेला दोन महिने होते. पुढे नागोरावांचं स्थळ आलं तेव्हा याबद्दल जन्मात ब्र काढायचा नाही, अशी शपथही मीच घातली. तू ती इतकी चोख पाळशील असं वाटलं नव्हतं. अभ्यासात तुझा एवढा चोखपणा कधी दिसला नव्हता.

खोटं बोललेच आहे, तर निदान कशाबद्दल बोलले ते डोळ्यांनी पाहावं, असं मी ठरवलं. अडचण नावाची होती. त्या दिवशी शूटिंगच्या पाटीवर जे नाव होतं, त्या नावाचा सिनेमा कधी आलाच नाही. (पडद्यावर येईपर्यंत नावं बदलतात म्हणे. मुलगी सासरी गेल्यावर बदलतात तसं.) शुभंकरने हिंजवडीला नवं घर घेतल्यापासून त्याचा जुना सीडी प्लेअर आमच्याकडे आणून टाकला आहे, त्याच्याकडे पडून राहण्यापेक्षा आईवडिलांकडे पडून राहावा, एवढाच विचार. तो पुसला आणि कोपऱ्यावरच्या सीडी लायब्ररीत गेले. चालवणारा मच्छिंद्र माझाच विद्यार्थी, सातवी ब, शेवटचा बाक.

“बाई, पिक्चरचं नाव सांगा.”
“माहीत नाही.”
“मग हिरो कोण?”
“तेही माहीत नाही. त्यात विहीर आहे.”
“बाई, विहीर सगळ्यातच हाय.”
“पाच बायका पाणी भरतात.”

त्याने माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं, ह्यांची तब्येत बरी आहे ना असं विचारलं, आणि म्हणाला, दोन-दोन करून सगळेच न्या.

तर सहा आठवड्यांत मी तेवीस जुने सिनेमे पाहिले, तेही दुपारी दोन ते साडेचार, झोपेच्या वेळेत. आता माझी मतं ऐक. त्यांना मान देऊ नकोस, कारण मी हे सिनेमे तुला शोधत, म्हणजे फक्त मागच्या माणसांकडे बघत पाहिले आहेत. एकतीस वर्षं परीक्षेत पर्यवेक्षण केलं. माझी नजर आपोआप शेवटच्या बाकावरच जाते. पुढे नायक-नायिकेचं काय चाललं होतं ते ह्यांना विचार. मला विचारशील तर सांगते, मागे उभी असलेली ती माणसं थोर होती. कोर्टाचा देखावा असला की मागच्या चाळीस जणांपैकी एकही जांभई देत नाही. ते ऐकतात, इंदू! माझ्या एकाही वर्गाने माझं असं कधी ऐकलं नाही. एका लग्नाच्या पंगतीत एक टक्कल पडलेला गृहस्थ खरोखर जेवतो. तीन जिलब्या मी मोजल्या. चौथी उचलतो तोच तिकडे वधूपिता छातीला हात लावून कोसळतो. हा दचकतो, जिलबी परत ठेवतो, हळहळतो, आणि मग एकदाच, अगदी एकदाच, ताटाकडे बघतो. त्याला कुणी सांगितलं असेल हे करायला? आजच्या सिनेमात मागची माणसं मोबाइलच्या दुकानापुढे रांगेत उभी असल्यासारखी दिसतात. तेव्हाचे लोक गाव म्हणून उभे राहत.

एक हडकुळा, गालावर मस असलेला माणूस मला तिसऱ्या सिनेमात पोस्टमन म्हणून भेटला. पाचव्यात तो हवालदार झाला, आठव्यात भटजी, नवव्यात सावकाराचा कारकून. (नोकऱ्या टिकत नव्हत्या, पण कामचुकारपणा कधी नाही.) बाराव्यात तो दंगलीत कोपऱ्यात पडून मेला आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. हे म्हणाले, “अगं, आत्ताशी सुरुवात आहे. रडायला काय झालं? कोण गेलं?”

“पोस्टमन.”

“यात पोस्टमन कुठे आहे?”

ज्यांना ओळखीची माणसं ओळखता येत नाहीत त्यांच्याशी काय बोलणार?

बाकीचंही मला आवडलं. तीच साडी तीनदा नेसतात. गरीब बाईच्या पोलक्याला कोपराशी खरंच ठिगळ असतं. हल्लीच्या मालिकांत बायका पैठणी नेसून झोपायला जातात. बोलताना प्रत्येक शब्द शेवटपर्यंत ऐकू येतो आणि समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत दुसरा थांबतो, म्हणून हे सिनेमे आमच्या सोसायटीच्या सभेआधी सक्तीने दाखवावेत असं माझं मत आहे. दोष दोनच. खेड्यात निरोप गेल्यापासून मिनिटभरात डॉक्टर बॅगसकट हजर होतो; कुठे बसलेला असतो कळत नाही. आणि नायक “आई, मी बी. ए. झालो!” म्हणून धावत येतो तेव्हा विषय कोणता हे त्याला कुणीही विचारत नाही, आईसुद्धा.

तू सतराव्या सिनेमात सापडलीस. (तरी तेवीस का पाहिले, हे मी ह्यांनाही सांगितलेलं नाही.) गोष्ट पेशवाईतली. दुसऱ्या सीडीवर, एकेचाळिसाव्या मिनिटाला विहीर येते. पाच बायका, तिसरी तू. लढाईवरून स्वार येतो, नायिकेचा नवरा पडला म्हणून सांगतो. चौघी ऊर बडवतात, एक तर घागर फोडते. तू दोर ओढतच राहतेस. घागर वर येते, ती तू दगडावर सांभाळून ठेवतेस, पाणी सांडू देत नाहीस, आणि मग ती उचलत नाहीस. बस. अकरा सेकंद. पुढे नायिका मोठा आकांत मांडून बसली होती. ती मला पाचव्या खेपेला दिसली. तुझा चष्मा माझ्याकडे असल्यामुळे तुला स्वार तर सोड, घोडाही दिसत नसणार, हे मी जाणून आहे. पण बघणाऱ्याला वाटतं, या बाईचंही कुणी तरी त्या लढाईवर गेलेलं आहे. मी उठून चहा केला आणि पुन्हा लावलं.

ह्यांनी मात्र बोट दाखवून विचारलं, “पेशवाईत ही सायकलवाली कोण गं? बघ ना, थेट आपल्याकडे डोळे वटारून बघतेय. सगळा देखावा नासवला.” तुझ्या मागे, ज्वारीच्या कडेला, दोन सायकली आणि तुझ्या चपला घेऊन एक मुलगी उभी आहे. तिच्या चेहऱ्यावर कुणालाही काहीही करू न देण्याचा पक्का निर्धार आहे. मी सांगितलं, ती मी. अडतीस वर्षांच्या संसारात ह्यांनी पहिल्यांदाच एखादा सिनेमा आपणहून मागे घेऊन पाहिला, आणि हसले ते अजून मधूनमधून हसतात. त्या पोरीला मीही बराच वेळ पाहिलं. मला ती आवडली नाही.

आता मुद्द्यावर येते. (नागोराव, अजून वाचताय?) कोल्हापूरला तुझ्या वतीने मी नाही म्हटलं. जूनमध्ये नम्रताला तुझ्या वतीने मीच नाही म्हटलं. दोन्ही वेळा तुला विचारलेलं नव्हतं. म्हणून या वेळी रीतसर विचारते: तिला खरं सांगू का? तुझी भीती मला कळते. नवऱ्याची तर आहेच, पण त्याहून पोरीची. आपली आई एवढी वर्षं तोंडावर खोटं बोलत आली, हे तिला कळेल. कळू दे. ती आत्ता काय करते आहे, ठाऊक आहे? नाटकातलं काम सोडायला निघाली आहे. भांडत नाही, आदळआपट नाही. “आईची इच्छा नाही,” एवढंच म्हणते आणि भांडी विसळायला उठते. तू दगडावर घागर ठेवलीस ना, अगदी तशी. ते मला दोनदा बघवणार नाही. उत्तर सोमवारी द्यायचं आहे तिला. तेव्हा विचार कर आणि मला कळव.

ह्यांचा नमस्कार. नागोरावांना माझा, इथवर आले असतील तर.

तुझी,
नीरजा

ता. क. रविवार, संध्याकाळ. नांदेडला पत्र पोचायला चार दिवस लागतात आणि सोमवार उद्या आहे. हे मला काल लिहितानाही माहीत होतं. मी एकतीस वर्षं गणित शिकवलेलं आहे. नम्रता आज जेवायला आली तेव्हा पानं घेण्याआधी तिला टीव्हीपुढे बसवलं. तिने तीनदा पाहिलं. मग म्हणाली, “मावशी, तू तर नाही म्हणाली होतीस.” मी म्हटलं, “म्हणाले होते. खोटं होतं. वाढून घे.” तिने वाढून घेतलं, पण जेवली नाही नीट, ताटात टाकलं, पहिल्यांदाच. तेव्हा तुझ्या वतीने मी तिसऱ्यांदा उत्तर दिलेलं आहे. या वेळी ‘हो’ असं. रागावायचं असेल तर रागाव. पण आधी तिचा फोन घे, आणि तो तू स्वतः उचल.

ता. ता. क. नागोराव, आता चष्मा काढा, दोन कप चहा टाका, आणि मगच इंदूला काय विचारायचं ते विचारा. ती गप्प राहिली ती माझ्या सांगण्यावरून. भांडायचं असल्यास मी घरीच असते. दोन ते साडेचार सोडून.

आज, १२ ऑगस्ट २००७ रोजी, चि. नम्रता हिच्या हाती दिलं ते असं:

१. सीडी, एक. दुसरी. (पहिलीत तू नाहीस, म्हणून ती मच्छिंद्रला परत केली. अर्धाच सिनेमा परत कसा, असं त्याने विचारलं. मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.)

२. मिनिटं आणि सेकंद लिहिलेली चिठ्ठी.

३. आईची परवानगी, तोंडी, माझ्यामार्फत. लेखी मागाहून येईल.

४. फोटो, एक. विहीर आणि पाच बायका, शूटिंगवाल्यांनी काढलेला. लग्न ठरल्यावर हा तू मला जाळायला दिला होतास. त्या दिवशी काड्यापेटी सापडली नाही. नंतर मी शोधली नाही.

वरील चारही गोष्टी मिळाल्या.
सही: नम्रता