नऊ ते आठ

१८ फेब्रुवारी २०१२, पनवेल

सानू काल संध्याकाळपासून लहान मुलांच्या आयसीयूत. चार वर्षांची नात माझी. मेंदूच्या आवरणाला सूज, झटके, आता श्वास मशीनवर. काचेतून तिच्या पायाचा अंगठा तेवढा दिसतो. त्याला ऑक्सिजन मोजणारा लाल दिवा लावलाय. कळीत काजवा अडकावा तसा.

डॉ. मेघना फॉर्म भरत होत्या. दाखल होणाऱ्या प्रत्येक मुलाचा भरतात. वजन, लसी, झटके, आजार सुरू झाल्यापासून किती तासांनी आणलं.

"कुठली मुलं हातातून जातात आणि कशामुळे, ते बघायचंय आम्हाला. ताप कधीपासून?"

"दुपारपासून. चार-पाच तास."

सून रेवती शेजारीच उभी होती.

१९ फेब्रु.

दुपारी बाकावर डोळा लागला. सानू मिठागराच्या बांधावरून चाललेली. दोन्हीकडे पाणी, पाण्यात आभाळ. मी हाक मारतो, हाकेला आवाजच नाही. ती वळून म्हणते, आजोबा, उजेड नको.

जाग आली. हे स्वप्नातलं वाक्य नाही. शुक्रवारी सकाळी नऊला ती हेच म्हणाली होती. अंग तापलेलं, एकदा उलटी. मी तापाचं औषध दिलं, पडदा ओढला आणि लिहायला बसलो. रविवार पुरवणीचं पान चारला लागतं. तीस वर्षांत एकदाही मजकूर उशिरा दिलेला नाही. घर शांत होतं. बरंच वाटलं मला ते.

चारला मजकूर गेला. त्यानंतरही, झोपलीय तर झोपू दे. सातला रेवती कामावरून आली आणि तिच्यासमोरच झटका. इथे पोचलो तेव्हा आठ.

लेख आजच्या अंकात आलाय. पनवेलच्या तळ्यांवरचा. घडी उघडली नाही.

२० फेब्रु.

शेजारच्या खाटेवर ओवे गावच्या एका आजीची दूधपिती नात. डॉक्टर फॉर्म घेऊन आल्या. त्यांनी विचारायच्या आत आजी म्हणाली, "दीड दिस घरीच व्हती. हळद व्हती ना आमचे घरान. डीजे, पावनं, मटनाची टोपं. पोर किरकिरं, आमाला वाटला दात येतान. लिवा."

"आजी, कोणी दोष देत नाहीये."

"नका देऊ. पन दीड दिस तं दीड दिस. लिवा."

मग माझ्याकडे वळली. "दादा, तुमी पेपरात लिवता ना? तुमाला तं सगला बरोबर लिवता येत आसल."

मी मान हलवली. काय म्हणून हलवली...

२१ फेब्रु.

शेजारची खाट रिकामी. चादर नवी, कडक इस्त्रीची. "पहाटे गेली," सिस्टर म्हणाली. आजी कुठे दिसली नाही. रात्रभर कुठेतरी हळदीची गाणी वाजत होती, की मलाच ऐकू येत होती, सांगता येत नाही.

डॉ. मेघना राउंडला आल्या. मी म्हणालो, "फॉर्ममधला आकडा चुकलाय. मी चुकीचा सांगितला. अकरा तास लिहा."

"उपचारात आता फरक पडणार नाही," त्या म्हणाल्या. "पण नोंद खरी हवी." जुना आकडा खोडला, नवा लिहिला, बाजूला सही केली. आम्ही प्रुफात करतो तसंच.

रेवती हळू म्हणाली, "साडेदहाला मी फोन केला होता. तुम्ही म्हणालात, खेळतेय."

"हो."

ती काचेकडे वळली.

२२ फेब्रु.

डॉक्टरांनी सानूच्या डोळ्यांवर टॉर्च धरला. तिने पापण्या घट्ट मिटल्या. उजेड नको.

"चांगलं आहे हे," डॉक्टर म्हणाल्या. "उद्या मशीन थोडं कमी करून बघू. पण अजून काही सांगता येत नाही."

रेवती कालपासून बोललेली नाही. डबा मात्र दोघांचा आणला.

तीनच्या सुमारास काचेवर ऊन आलं. मी पडदा ओढायला उठलो.

"राहू दे," रेवती म्हणाली.

बसलो. ऊन सरकत सरकत खाटेपर्यंत गेलं. अंगठ्यावरचा लाल दिवा उन्हात दिसेनासा झाला. तो आहे, हे धरून आम्ही दोघं तिकडे बघत राहिलो.