तुझ्या खुर्चीवरचं बदक

अश्वजित,
ऑफिसातून आलास की आधी खाली केलरमध्ये, तुझ्या त्या तळघरातच उतरतोस, म्हणून चिठ्ठी इथे ठेवतेय. एक लाकडी बदक कमी दिसेल, शोधू नकोस. उत्पलाने ते काल अंघोळीला नेलं आणि मानेचा हिरवा रंग गेला. माझंच लक्ष नव्हतं. तिला रागावू नकोस.

जानेवारीत शिकारीचा मोसम संपला तेव्हा वाटलं, आता तू घरी असशील. तसा घरीच असतोस म्हणा, दोन मजले खाली. शनिवारी मातीच्या तबकड्यांवर नेमबाजी, इतर दिवशी पुढच्या मोसमासाठी आमिषाची लाकडी बदकं कोरणं. आज दुपारी तिने ते बदक तुझ्या खुर्चीवर बसवलं, त्याला वरणभात वाढायला लावला आणि तिच्या शाळेतल्या जर्मनमध्ये त्याला जेवायला बोलावलं, "पापा, एस्सन!" मला हसू आलं नाही रे.

ती झोपलीय तेवढ्यात हे लिहितेय. तूच सांगतोस ना, पाण्यावर बदकं बसलेली दिसली की उडणारं खाली उतरतं? सात वाजता आम्ही दोघी टेबलाशी बसलेल्या असू. तुला नुसतं वर यायचंय. बदक अजून तुझ्याच खुर्चीवर आहे. आलास की उचलून बाजूला ठेव.

क्रांती