रेडिएटरमधली हळद

जैसलमेर, बुधवार

अहो, नमस्कार.

मी सुखरूप आहे, हे आधी वाचा.

तुम्ही जीप उंच केलीत, मोठे टायर बसवलेत, पण रेडिएटर जुनाच ठेवलात. काल वाळूत तो गळू लागला. गॅरेज साठ किलोमीटरवर! सोबतीला आलेली कमरजहाँ म्हणाली, "बाई, आपल्या कुरुंदा गावची हळद हाय ना पिशवीत? आमचे अब्बा ट्रकमधी तीच टाकायचे." इंजिन थंड झाल्यावर मूठभर टाकली आणि गळती थांबली.

ज्या गुडघ्यामुळे तुमचं येणं राहिलं, त्याचे टाके काढले का? जिना चढू नका.

वाळवंटाचा शेवटचा टप्पा राहिला आहे. गाडी जाईल, पण मी इथूनच परत फिरते. जीप तुम्ही आपल्या दोघांसाठी सजवलीत. ते वाळवंट मला तुमच्याशिवाय बघायचं नाही.

तुमचीच,
अनुसया